बिल्ड लाल असताना मर्ज अडवायचा कसा?

अंधेरीपूर्व (प्रश्न)

आमची अंधेरी पूर्वेला लहानशी कंपनी आहे आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांची मासिक देखभाल बिले, पावत्या व थकबाकी यांचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर आम्ही तयार करतो. कोड गिटहब या कोड साठवण्याच्या सेवेवर एका खाजगी रेपोमध्ये (कोडच्या भांडारात) आहे. प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (पीआर, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळण्याची, मर्ज करण्याची, विनंती) गिटहब अ‍ॅक्शन्समधून बिल्ड, लिंट (कोडच्या लिखाणाची तपासणी) आणि टेस्ट आपोआप चालतात व त्यांचा निकाल त्याच पानावर हिरव्या किंवा लाल खुणेने दिसतो. अडचण अशी की निकाल दिसतो, पण त्यामुळे कोणाचे काही अडत नाही. लाल खूण असतानाही मर्जचे बटण दाबता येते, आणि महिनाअखेरीस बिले काढण्याची घाई असते तेव्हा ते दाबलेही जाते.

गेल्या खेपेला याचा फटका थेट ग्राहकांना बसला. सदनिका भाड्याने दिलेल्या सभासदाकडून घ्यायचे बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि ही मर्यादा तपासणारी टेस्ट आमच्याकडे आहे. ती नापास झाली होती. परंतु ‘आपल्या टेस्ट अधूनमधून उगाच पडतात’ अशी सगळ्यांची समजूत झालेली असल्यामुळे तिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही, पीआर मर्ज झाला आणि काही संस्थांना चुकीच्या रकमेची बिले गेली.

त्यानंतर मी रेपोच्या सेटिंग्जमध्ये जाऊन मेन ब्रँचसाठी (कोडच्या मुख्य शाखेसाठी) प्रोटेक्शन रूल तयार केला, चेक पास झाल्याशिवाय मर्ज होऊ नये या अर्थाच्या पर्यायावर टिक केली आणि नियम सेव्ह केला. तरीही बटण पूर्वीसारखेच चालू आहे. आमचे खाते ऑर्गनायझेशनचे आहे, पण मोफत योजनेतले. नियम लावूनही तो लागू का होत नाही, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा असा की, तो खरोखर लागू झाल्यावर त्यात पळवाटा राहू नयेत, आणि तरीही रात्री-अपरात्री तातडीची दुरुस्ती करावी लागली तर ती अडकून पडू नये, यासाठी काय करावे?

पार्लेकर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच दिलेल्या दोन तपशिलांत आहे: मोफत योजना आणि खाजगी रेपो. गिटहबच्या मोफत योजनेत ब्रँच प्रोटेक्शन सार्वजनिक रेपोंवरच लागू होते. खाजगी रेपोसाठी ऑर्गनायझेशनला किमान टीम योजना घ्यावी लागते, आणि वैयक्तिक खाते असेल तर प्रो. मोफत योजनेत नियम तयार करता येतो, यादीत दिसतोही, पण टीम योजनेवर गेल्याशिवाय तो अमलात येणार नाही अशी सूचना त्याच पानावर असते. ती नजरेतून सुटणे स्वाभाविक आहे, कारण बाकी सगळा फॉर्म नेहमीसारखा भरता येतो. २०२३ पासून आलेल्या रूलसेटनाही (असे नियम लावण्याच्या नव्या पद्धतीला) हीच अट आहे, त्यामुळे जुन्या पद्धतीऐवजी नवी वापरून ही अडचण सुटणार नाही.

योजना बदलल्यानंतर पुढील गोष्टी पाहाव्यात. नुसते ‘रिक्वायर स्टेटस चेक्स टु पास’ टिक करून भागत नाही. त्याखालच्या शोधपेटीतून नेमके कोणते चेक आवश्यक आहेत ते एकेक निवडावे लागतात. यादी रिकामी ठेवली तर नियम आहे, पण त्याला तपासायला काहीच नाही, अशी स्थिती होते. शोधपेटीत गेल्या ७ दिवसांत त्या रेपोमध्ये चाललेलेच चेक सापडतात. त्यामुळे नवा वर्कफ्लो (आपोआप चालणाऱ्या जॉबची मालिका) एकदा चालवून मगच निवडायला जावे. चेक निवडताना तो कोणत्या अ‍ॅपकडून आला पाहिजे हेही ठरवता येते. तेथे ‘कोणताही स्रोत’ असे न ठेवता गिटहब अ‍ॅक्शन्स निवडावे, कारण रेपोवर लिहिण्याचा अधिकार असलेली कोणतीही व्यक्ती एपीआयमधून त्याच नावाचा हिरवा स्टेटस एखाद्या कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) लावू शकते. असे सहसा कोणी करत नाही हे मान्य, पण एखादी जुनी स्क्रिप्ट नकळत करते.

अ‍ॅडमिनची बाब वेगळी आहे. जुन्या ब्रँच प्रोटेक्शनमध्ये अ‍ॅडमिनला नियम मुळातच लागू होत नाही. ‘डू नॉट अलाउ बायपासिंग’ हा पर्याय टिक केला तरच होतो. लहान कंपन्यांत निम्मी टीम अ‍ॅडमिन असते, त्यामुळे हा पर्याय टिक केलेला नसेल तर वरच्या सगळ्या मेहनतीचा उपयोग निम्म्याच लोकांपुरता राहतो. कोण अ‍ॅडमिन असणे खरोखर गरजेचे आहे याचा आढावाही याच निमित्ताने घ्यावा.

बिल्डघर

पार्लेकरांनी कुलूप लावायला सांगितले आहे. मी हिरव्या खुणेविषयी लिहितो, कारण ती खोटी असू शकते आणि गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये ती खोटी ठरण्याच्या काही ठरावीक जागा आहेत.

सर्वांत फसवी जागा वगळलेल्या जॉबची. एखादा जॉब अटीमुळे वगळला गेला तर गिटहब त्याचा निकाल ‘यशस्वी’ असा धरते. आता समजा, तुमच्याकडे बिल्ड, टेस्ट आणि त्या दोन्हींवर अवलंबून असलेला ‘सर्व-ठीक’ असा तिसरा जॉब आहे, आणि नियमात तुम्ही केवळ ‘सर्व-ठीक’ आवश्यक म्हणून निवडला आहे. टेस्ट नापास झाली की नीड्सच्या (आधी कोणते जॉब पास व्हायला हवेत हे सांगणाऱ्या ओळीच्या) नियमानुसार ‘सर्व-ठीक’ चालतच नाही, वगळला जातो, आणि वगळलेला म्हणून पास धरला जातो. म्हणजे टेस्ट पडल्यामुळेच कुलूप उघडते! यावरचा उपाय ठरलेला आहे: त्या शेवटच्या जॉबला ‘ऑलवेज’ ही अट द्यावी, जेणेकरून आधीचे काहीही होवो, तो चालेलच, आणि त्याच्या आत नीड्समधील प्रत्येक जॉबचा निकाल वाचून, एकही निकाल ‘फेल्युअर’ किंवा ‘कॅन्सल्ड’ असेल तर जॉब स्वतः शून्येतर एक्झिट कोडने, म्हणजे नापास म्हणून, संपवावा. वगळलेला जॉब चालेल की नाही, हे मात्र तुम्ही जाणीवपूर्वक ठरवा; मी स्वतः ज्यांना वगळण्याची मुभा आहे त्यांची नावे लिहून ठेवतो आणि बाकी सर्वांकडून ‘सक्सेस’च मागतो.

हा एकत्रित जॉब आणखी एका कारणाने सोयीचा पडतो. मॅट्रिक्स (एकच जॉब अनेक आवृत्त्यांवर चालवण्याची सोय) वापरून नोडच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर टेस्ट चालवत असाल, तर प्रत्येक आवृत्तीचा स्वतंत्र चेक होतो आणि आवृत्तीचा आकडा त्याच्या नावातच येतो. नोड १८ सोडून २० वर गेलात की जुन्या नावाचा चेक कधीच येणार नाही, आणि प्रत्येक पीआर त्याची वाट पाहत थांबेल. नियमात एकच स्थिर नाव असले की मॅट्रिक्समध्ये कितीही बदल करा, सेटिंग्जला हात लावावा लागत नाही. दोन वेगळ्या वर्कफ्लोंमधील जॉबना एकच नाव देऊ नये, हेही लगेच पाहून घ्या. तसे असल्यास कोणता निकाल धरायचा याचा घोळ होतो.

उलट प्रकार पाथ फिल्टरचा. फक्त कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये बदल असेल तर वर्कफ्लो चालू नये असे पाथ फिल्टरने लिहिले, की तो वर्कफ्लो पूर्णच वगळला जातो. अशा वेळी चेक यशस्वी धरला जात नाही. तो ‘प्रलंबित’ राहतो आणि एका शब्दाची दुरुस्तीही मर्ज होत नाही. म्हणून आवश्यक वर्कफ्लोवर पाथ फिल्टर लावूच नये. वर्कफ्लो नेहमी सुरू होऊ द्यावा, पहिल्या जॉबमध्ये कोणत्या फायली बदलल्या ते पाहावे आणि जड जॉब तिथल्या अटीने वगळावेत.

शेवटी साध्या शेलच्या गोष्टी. टेस्टचे आउटपुट पाइपमधून ‘टी’ कमांडला देऊन लॉग फाइल बनवण्याची पद्धत फार जणांकडे आहे. पाइपमध्ये एक्झिट कोड शेवटच्या कमांडचा धरला जातो, आणि ‘टी’ क्वचितच नापास होते. अ‍ॅक्शन्समध्ये शेल न सांगता स्टेप लिहिली तर लिनक्स रनरवर (वर्कफ्लो चालवणाऱ्या मशीनवर) बॅश पाइपफेलविना, म्हणजे पाइपमधली कोणतीही कमांड पडली तर सगळे नापास धरणाऱ्या पर्यायाविना, चालते. ‘शेल: बॅश’ असे स्पष्ट लिहिले तर पाइपफेलसह चालते. एका ओळीचा फरक आहे, पण तोच निकाल लाल की हिरवा हे ठरवतो. ‘कंटिन्यू-ऑन-एरर’ आणि ओळीच्या शेवटी टाकलेले ‘ऑर ट्रू’ हे चूक झाकणारे पर्यायही संपूर्ण रेपोत शोधून पाहा. कधीतरी घाईत टाकलेले असतात, आणि टाकणारा कंपनी सोडून गेलेला असतो.

अंधेरीपूर्व

दोघांचेही आभार. आमच्या वर्कफ्लोमध्ये ‘टी’चा पाइप आहे आणि शेल कुठेही लिहिलेले नाही. म्हणजे आजवर ज्या हिरव्या खुणांवर विश्वास ठेवला त्यातील काही खोट्या असण्याचा पूर्ण संभव आहे. टीम योजनेचा प्रस्ताव व्यवस्थापनाकडे दिला आहे, पण मंजुरीला वेळ लागेल असे दिसते.

रात्रपाळी

वरचे सर्व तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, परंतु क्रमाबाबत माझे मत वेगळे आहे. मूळ प्रश्नातील ‘टेस्ट उगाच पडतात’ हे वाक्य मला प्रोटेक्शन रूलपेक्षा महत्त्वाचे वाटते. ज्या टेस्टवर टीमचा विश्वास नाही त्या टेस्ट आवश्यक केल्या, तर लोक बटण दाबणे सोडतील आणि ‘री-रन’ दाबू लागतील. चुकीचा पीआर तरीही आत येईल, फक्त अर्धा तास उशिरा.

थोडे गणित करून पाहा. २०० टेस्ट आहेत आणि प्रत्येक टेस्ट १,००० वेळांत एकदाच विनाकारण पडते असे धरा. एकेकटी पाहिली तर कोणतीही टेस्ट अगदी विश्वासार्ह वाटेल. पण सर्व २०० एकाच वेळी पास होण्याची शक्यता सुमारे ८२ टक्केच उरते, म्हणजे कोडमध्ये काहीही चूक नसताना दर पाच-सहा बिल्डमागे एक लाल. गूगलने २०१६ साली स्वतःच्या टेस्टविषयी जाहीर केलेली आकडेवारीही पाहण्यासारखी आहे: सुमारे १६ टक्के टेस्टमध्ये कमी-अधिक प्रमाणात हा बेभरवसेपणा आढळला होता. त्यांची ही स्थिती असेल, तर आपल्या लहान टीमने लाजण्याचे कारण नाही. पण दुर्लक्ष करण्याचेही नाही.

तुमचे सॉफ्टवेअर बिलांचे आहे, म्हणून आधी तारखांच्या टेस्ट तपासा. गिटहबच्या रनरचे घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) असते आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत. मुंबईत रात्री १२ ते पहाटे साडेपाच या वेळेत रनरवर आदल्या दिवसाची तारीख असते. एखादी टेस्ट ‘आज’ची तारीख एका ठिकाणी भारतीय वेळेने आणि दुसऱ्या ठिकाणी रनरच्या वेळेने घेत असेल, तर ती दिवसभर हिरवी राहील आणि रात्री काम करणाऱ्यालाच लाल दिसेल. सकाळी कोणीतरी री-रन करतो, ती पास होते, आणि ‘उगाच पडते’ हा शिक्का पक्का होतो. महिन्याच्या १ तारखेला पहाटे तर महिनाच वेगळा असतो, आणि तुमची बिले नेमकी त्याच सुमारास निघत असणार.

यावर वर्कफ्लोमध्ये टाइमझोन ‘आशिया/कोलकाता’ करून टाकण्याचा सोपा सल्ला तुम्हाला मिळेल. माझ्या मते तो घेऊ नये. तुमचा प्रत्यक्ष सर्व्हरही बहुधा यूटीसीवरच असेल. मग टेस्ट हिरवी होईल आणि दोष मात्र सर्व्हरवर तसाच राहील. बिलाची तारीख ठरवणाऱ्या कोडमध्येच टाइमझोन स्पष्ट लिहावा, घड्याळ बाहेरून देण्याची सोय ठेवावी, आणि ३१ तारखेच्या रात्री ११:५९ व १ तारखेच्या पहाटे २ या दोन्ही वेळा गोठवून टेस्ट लिहाव्यात. अशी टेस्ट कोणत्याही वेळी चालवली तरी एकच उत्तर देते.

ज्या टेस्ट लगेच दुरुस्त होणार नाहीत त्या वेगळ्या जॉबमध्ये हलवा आणि तो जॉब आवश्यक यादीत ठेवू नका; मात्र प्रत्येक हलवलेल्या टेस्टसमोर दुरुस्त करणाऱ्याचे नाव आणि मुदत लिहा, नाहीतर तो जॉब अडगळीची खोली होतो. नापास टेस्ट आपोआप तीनदा चालवून एकदा पास झाली तरी चालेल, अशी सोय अनेक साधनांत असते. बिलाची रक्कम मोजणाऱ्या टेस्टवर ती कदापि लावू नये. तीनपैकी दोन वेळा चुकणारा हिशेब हा चुकीचाच हिशेब आहे.

बिल्डघर

रात्रपाळी यांचा मुद्दा मला मान्य आहे, पण आधी सर्व टेस्ट निर्दोष करू आणि मग कुलूप लावू असे ठरवले तर कुलूप कधीच लागत नाही. मधला मार्ग काढता येतो. पहिल्या दिवशी फक्त बिल्ड आणि लिंट आवश्यक करावेत. ते सहसा विनाकारण पडत नाहीत. मग हिशेबाच्या टेस्ट, त्यांतील तारखांचा गोंधळ निस्तरल्यावर. ब्राउझर उघडून चालणाऱ्या टेस्ट सर्वांत शेवटी.

ऐरोली_नाका

थोडे अन्य साधनांविषयी, कारण हा धागा वाचणारे सगळेच गिटहबवर नसतील.

गिटलॅबमध्ये ‘पाइपलाइन्स मस्ट सक्सीड’ हा पर्याय मोफत योजनेतही आहे आणि खाजगी प्रोजेक्टवर लागू होतो. त्याच्याखालीच ‘वगळलेली पाइपलाइन यशस्वी समजावी’ अशी आणखी एक टिक असते. ती करू नये. जॉबवर ‘अलाउ-फेल्युअर’ असेल तर तो नापास झाला तरी पाइपलाइन पास होते, एवढे ध्यानात ठेवावे. हाताने सुरू करायच्या जॉबमध्ये एक गोम आहे: ‘रूल्स’ न वापरता थेट ‘व्हेन: मॅन्युअल’ लिहिले तर ‘अलाउ-फेल्युअर’ आपोआप चालू असते, आणि ‘रूल्स’च्या आत लिहिले तर बंद असते.

बिटबकेट क्लाउडवर मर्ज चेक कोणालाही लिहिता येतात, परंतु ते पूर्ण न झाल्यास मर्ज खरोखर रोखण्याची सोय प्रीमियम योजनेतच आहे. त्याखालच्या योजनांत नुसता इशारा दिसतो. मूळ प्रश्नातल्यासारखीच ही अडचण आहे.

आमच्याकडे जेन्किन्स आहे आणि कोड गिटहबवर. ब्रँच सोर्स प्लगइन पीआरसाठी दोन प्रकारचे स्टेटस पाठवू शकतो: एक पीआरच्या टोकाच्या कमिटचा, नावाच्या शेवटी ‘पीआर-हेड’, दुसरा मेनमध्ये मिसळल्यावरच्या कोडचा, ‘पीआर-मर्ज’. आवश्यक म्हणून दुसरा निवडावा. आपल्याला मेनमध्ये काय जाणार आहे ते तपासायचे असते. पीआर ज्या दिवशी सुरू झाला त्या दिवशीच्या मेनवर तो चालत होता, याला आज फारसा अर्थ नाही.

पार्लेकर

ऐरोली_नाका यांच्या शेवटच्या वाक्यावरून पुढचा मुद्दा निघतो. दोन पीआर स्वतंत्रपणे हिरवे असूनही एकत्र आल्यावर बिल्ड मोडू शकते. एकाने शुल्क मोजणाऱ्या फंक्शनचे नाव बदलले आणि सगळीकडचे उल्लेख दुरुस्त केले. त्याच दुपारी दुसऱ्याने नव्या अहवालात जुन्याच नावाने ते फंक्शन वापरले. फायली वेगळ्या, म्हणून गिटला संघर्ष दिसत नाही. दोन्हींच्या टेस्ट जुन्या मेनवर पास झालेल्या असतात. दोन्ही मर्ज होतात आणि मेन लाल.

यासाठी ‘ब्रँच मर्जपूर्वी अद्ययावत असावी’ ही टिक आहे. ती केली की मेन पुढे सरकल्याबरोबर बाकी सगळ्या उघड्या पीआरना नवा मेन ओढून पुन्हा चेक चालवावे लागतात. बिल्डला २५ मिनिटे लागत असतील आणि सहा पीआर तयार असतील, तर एकामागून एक करत शेवटच्याचा नंबर अडीच तासांनी लागतो. तुमची टीम लहान आहे, दिवसाला दोन-चार मर्ज होत असतील तर हा खर्च परवडतो. मी टिक करायला सांगेन. मोठ्या टीमसाठी मर्ज क्यू असते: ती पीआर रांगेत घेते, पुढच्या पीआरसह मिसळून तपासते आणि पास झालेलेच आत सोडते. कल्पना जुनी आहे. रस्ट भाषेचा प्रकल्प बॉर्स नावाच्या बॉटकडून अनेक वर्षे हेच काम करून घेतो. गिटहबवर २०२३ पासून मर्ज क्यू सर्वांसाठी आली, पण खाजगी रेपोसाठी ती एंटरप्राइझ क्लाउड योजनेत आहे, त्यामुळे तुम्हाला टीम योजनेत मिळणार नाही. ज्यांना मिळते त्यांनी वर्कफ्लोच्या ट्रिगरमध्ये ‘मर्ज-ग्रुप’ हा इव्हेंट विसरू नये, कारण तो नसेल तर रांगेतला चेक कधी सुरूच होत नाही.

वेळ वाचवायचा असेल तर जुने रन रद्द करणारी ‘कन्करन्सी’ची ओळ टाका आणि ऑटो-मर्ज सुरू करा. चेक हिरवे झाले की पीआर आपोआप मर्ज होतो. शेवटची कर्जत लोकल पकडायची म्हणून लाल-पिवळ्या खुणेवर बटण दाबून निघून जाण्याचा मोह त्याने बराच कमी होतो.

अंधेरीपूर्व

दोन गोष्टी अजून बाकी आहेत. तातडीच्या दुरुस्तीचे काय, आणि टीम योजना मंजूर होईपर्यंत आम्ही काय करावे?

रात्रपाळी

तातडीचे आधी. रात्री सर्व्हर बंद पडला असेल तर पहिला उपाय नवा कोड लिहिणे नसून मागची आवृत्ती परत डिप्लॉय करणे (सर्व्हरवर चढवणे) हा असावा. त्याला मर्ज लागतच नाही. मर्ज लागलाच तर तो रिव्हर्टचा (आधीचा बदल मागे घेण्याचा) असावा, आणि रिव्हर्टवर चेक पूर्ण चालू द्यावेत, कारण मधल्या काळात दुसरे काहीतरी त्या कोडवर उभे राहिलेले असू शकते. २५ मिनिटे थांबणे शक्यच नाही अशी स्थिती क्वचित येते. तिच्यासाठी रूलसेटमध्ये बायपास यादी असते: तिथे दोन जबाबदार व्यक्तींची एक छोटी टीम घालावी आणि तिला ‘फक्त पुल रिक्वेस्टसाठी’ एवढीच सूट द्यावी. म्हणजे मेनवर थेट पुश त्यांनाही करता येत नाही, आणि नियम ओलांडला तरी पीआर, त्यातील चर्चा आणि कोणी ओलांडला याची नोंद मागे राहते. संपूर्ण नियम तात्पुरता बंद करण्याची पद्धत मात्र टाळा. बंद केलेला नियम पुन्हा चालू करायची आठवण पहाटे तीनला कोणालाच राहत नाही.

एक पळवाट अजून कोणी सांगितली नाही. पुल रिक्वेस्टवर चालणारा वर्कफ्लो त्या पीआरमधल्याच फायलीवरून चालतो. म्हणजे पीआर करणारा त्याच पीआरमध्ये टेस्टची ओळ काढून टाकू शकतो आणि चेक प्रामाणिकपणे हिरवा येतो. वर्कफ्लोच्या फोल्डरसाठी कोडओनर्स फाइलमध्ये मालक नेमावेत आणि मालकाचा रिव्ह्यू आवश्यक करावा.

बिल्डघर

योजना मंजूर होईपर्यंतच्या काळासाठी. प्री-पुश हुक (कोड पुश करण्यापूर्वी स्वतःच्या लॅपटॉपवरच चालणारी तपासणी) बसवा, पण त्याला कुलूप समजू नका. ‘नो-व्हेरिफाय’ लिहिले की तो वगळता येतो. त्याचा उपयोग विसरभोळेपणावर आहे, घाईवर नाही.

मोफत योजनेत खरे अडवणारे एकच साधन हातात राहते, ते म्हणजे परवानग्या. मर्ज करायला रेपोवर लिहिण्याचा अधिकार लागतो. तो दोन जणांकडेच ठेवला आणि बाकीच्यांनी फोर्कमधून (रेपोच्या स्वतःच्या प्रतीतून) पीआर पाठवले, तर लाल पीआर मर्ज करण्याची शक्यता त्या दोघांपुरती उरते. त्यासाठी ऑर्गनायझेशनमध्ये खाजगी रेपोच्या फोर्कला परवानगी द्यावी लागेल, फोर्कच्या पीआरवर वर्कफ्लो चालावेत हा पर्याय चालू करावा लागेल, आणि अशा रनना सीक्रेट्स (साठवलेले पासवर्ड व किल्ल्या) मिळत नाहीत हे धरून टेस्ट लिहाव्या लागतील. आठ-दहा जणांच्या टीमला हे जाचक होते. एक-दोन महिन्यांसाठी मी करणार नाही.

त्यापेक्षा डिप्लॉय अडवा. मेनवर पुश झाल्यावर चालणाऱ्या वर्कफ्लोमध्ये त्याच कमिटवर बिल्ड आणि टेस्ट पुन्हा चालवा, आणि डिप्लॉयचा जॉब नीड्सने त्यांच्यावर अवलंबून ठेवा. येथे मी वर सांगितलेला वगळण्याचा नियम तुमच्या बाजूने काम करतो: टेस्ट पडली की डिप्लॉय वगळला जातो, आणि या ठिकाणी वगळले जाणे हेच हवे असते. त्यामुळे डिप्लॉयच्या जॉबला ‘ऑलवेज’ लावू नका. लाल पीआर मर्ज झालाच तरी मेन लाल होईल, टीमला त्रास होईल, पण संस्थेच्या सभासदाला चुकीचे बिल जाणार नाही. हाताने सर्व्हरवर जाऊन डिप्लॉय करण्याची जुनी स्क्रिप्ट कोणाच्या लॅपटॉपवर असेल तर तिची किल्ली आधी बदला. टीम योजना आल्यानंतरही ही व्यवस्था काढू नका. बायपास यादीतून आलेला मर्जही हिच्यातूनच जाईल.

अंधेरीपूर्व

डिप्लॉयची साखळी याच आठवड्यात बांधतो, ‘शेल: बॅश’ आजच लिहितो. योजना मंजूर झाल्यावर मुद्दाम नापास होणारा पीआर उघडून, एकदा साध्या खात्यातून आणि एकदा अ‍ॅडमिन खात्यातून, बटण खरोखर बंद होते का ते तपासेन आणि त्याचा निकाल येथेच लिहीन.

पार्लेकर

त्या तपासणीत तिसरा पीआरही ठेवा: टेस्ट न पाडता, टेस्टचा जॉबच रद्द केलेला. बिल्डघर यांनी सांगितलेला एकत्रित जॉब ‘कॅन्सल्ड’ निकाल नीट पकडतो की नाही हे त्याशिवाय कळणार नाही.